गोन्सालो गार्सिया फादर नव्हता, मग तो जपानात दिवसभर करायचा काय?

बावखल

मी आमच्या चर्चमध्ये रविवारी सहावीच्या मुलांना धर्मशिक्षण देते. फेब्रुवारीत संत गोन्सालोचा सण असतो म्हणून दरवर्षीप्रमाणे यंदाही त्याची गोष्ट सांगितली. वसईत जन्म, आई इथली, वडील पोर्तुगीज शिपाई, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या फादरांकडे शिक्षण, 15-16 वर्षांचा असताना जपान, पुढे फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचा ब्रदर (म्हणजे फादर नसलेला संन्यासी), 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रुसावर मरण, 8 जून 1862 ला संतपद. पाच मिनिटांत गोष्ट संपली. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "टीचर, तो फादर नव्हता म्हणजे मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करत नव्हता. चमत्कारही तुम्ही एक सांगितला नाहीत. मग तो तिथे दिवसभर करायचा काय?"

मला धड उत्तर देता आलं नाही. "सेवा करायचा," असं म्हणून वेळ मारून नेली आणि घरी येईपर्यंत वाईट वाटत राहिलं. लहानपणापासून मी त्याच्या सणाला किल्ल्यात जाते, नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना म्हणते, आणि तो कसा मेला हे मला ठाऊक आहे, पण कसा जगला ते सांगता येत नाही. पुढच्या रविवारी त्या मुलीला खरं उत्तर द्यायचं आहे. कोणी मदत कराल का?

दुभाषी

ताई, तिला सांगा की तो बोलायचा. दिवसभर बोलायचा, आणि त्यातलं बरंचसं बोलणं त्याचं स्वतःचं नसायचं.

मीही मूळची वसईची. गेली 18 वर्षं जपानी दुभाष्याचं काम करते, बहुतेक कारखान्यांत. एका बाजूला जपानी इंजिनियर, दुसऱ्या बाजूला आपले सुपरवायझर आणि कामगार, मध्ये मी. त्यामुळे गोन्सालोकडे मी पोस्टरमधला संत म्हणून कमी आणि माझ्याच धंद्यातला जुना माणूस म्हणून जास्त बघते. त्याच्या आयुष्यातलं मला जे सगळ्यात मोठं वाटतं, ते सणाच्या प्रवचनात एका वाक्यात उरकलं जातं: "त्याला जपानी उत्तम येत होतं." त्या एका वाक्यात सगळं आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी झेवियरपासून सुरुवात करा. संत फ्रान्सिस झेवियर आपल्या वसईत येऊन गेले होते, तेव्हा गोन्सालो जन्मलाही नव्हता. 15 ऑगस्ट 1549 ला ते जपानात कागोशिमाला उतरले. त्यांना जपानी येत नव्हतं. त्यांची सगळी भिस्त अंजिरोवर होती. हा जपानी माणूस त्यांना मलाक्क्यात भेटला होता आणि गोव्यात शिकून त्याने बाप्तिस्मा घेतला होता. आता देव हा शब्द जपानीत कसा सांगायचा? अंजिरोने सुचवला 'दाइनिची'. झेवियर रस्त्यावर उभं राहून दाइनिचीची भक्ती करा म्हणून सांगू लागले. पण दाइनिची म्हणजे शिंगोन बौद्ध पंथाचा महावैरोचन बुद्ध. त्या पंथाच्या भिक्षूंना वाटलं, हा परदेशी साधू आपलंच सांगतोय, आणि त्यांनी आनंदाने स्वागत केलं. चूक लक्षात आल्यावर झेवियरनी तो शब्द टाकला आणि 'देउस' हा लॅटिन शब्दच वापरायला घेतला. झेवियरसारख्या माणसाचं प्रवचन एका शब्दामुळे भलत्याच देवाच्या दारी गेलं, ही गोष्ट मुलांना नक्की सांगा. दुभाष्याचं काम म्हणजे काय, ते तिथे कळतं.

आता गोन्सालो. 1572 मध्ये जेझुइटांबरोबर तो जपानला गेला तेव्हा कोवळा पोरगा होता. भाषा त्या वयात जशी अंगात मुरते तशी नंतर मुरत नाही. मी 22 व्या वर्षी शिकायला लागले, मला विचारा. तिथे तो कॅटेकिस्ट झाला. कॅटेकिस्ट म्हणजे तुमचंच काम, ताई. नव्या लोकांना प्रार्थना शिकवायच्या, प्रश्नांना उत्तरं द्यायची, परदेशी फादर आणि गावातली माणसं यांच्यामधला दुवा व्हायचं. त्याला जेझुइट व्हायचं होतं. वर्षं गेली, पण त्याला संघात घेतलं नाही. हिंदुस्थानात जन्मलेल्या आणि मिश्र रक्ताच्या माणसांना आत घ्यायला त्या काळी धर्मसंघ कचरत असत.

शेवटी तो बाहेर पडला आणि व्यापार करू लागला. व्यापार चांगला चालला. मुलांना हा भाग सांगताना घाई करू नका. एक तरुण, ज्याला मनापासून हवं होतं ते मिळालं नाही, तो बंदराबंदरांतून माल विकतोय, सौदे करतोय, आणि भाषेला बाजारातली धार येतेय. मिशनमध्ये तुम्ही प्रार्थनेचं जपानी शिकता. घासाघीस, टाळाटाळ, आदराने दिलेला नकार हे सगळं बाजार शिकवतो. पुढे मनिलात त्याने तो धंदा सोडला आणि फ्रान्सिस्कनांकडे गेला. तिथे त्याला घेतलं, तेही फादर म्हणून नाही, साधा ब्रदर म्हणून.

आणि मग 1593. जपानचा सर्वेसर्वा हिदेयोशी. त्याने फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरला आधीच निरोप धाडला होता की मला शरण या. गव्हर्नरने उत्तर घेऊन फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाउतिस्ता यांना दूत म्हणून पाठवलं. त्यांच्याबरोबर तीन जण होते, त्यांतला एक आपला गोन्सालो. क्यूशू बेटावरच्या नागोया किल्ल्यात भेट झाली. हे नागोया म्हणजे आजचं मोठं शहर नव्हे. कोरियावर स्वारी करायला हिदेयोशीने समुद्राकाठी उभारलेला तो तळ होता. म्हणजे दरबार फौजेचा, माणूस लहरी. 1587 मध्ये याच माणसाने मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढलेला. त्याला ऐकायची होती शरणागती. गव्हर्नरला द्यायची होती मैत्री. पेद्रो बाउतिस्ता बोलणार स्पॅनिशमध्ये. मध्ये वसईचा साधारण 36 वर्षांचा ब्रदर.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट सांगते, म्हणजे मी का थांबते इथे ते कळेल. एका बैठकीत जपानी पाहुणे शेवटी 'केन्तो शिमासु' म्हणाले. शब्दशः अर्थ 'विचार करतो'. मी तसंच सांगितलं. आमच्या बाजूचे मालक खूश झाले, माल मागवला, माणसं घेतली. ऑर्डर आलीच नाही. ज्या सुरात ते म्हटलं गेलं होतं, त्या सुरात त्याचा अर्थ 'नाही' असा होता. मी शब्द बरोबर सांगितला आणि अर्थ चुकवला. नव्याने घेतलेल्या माणसांना घरी जावं लागलं. अजून ती बैठक आठवली की हात गार पडतात. ते फक्त ऑर्डरचं होतं. गोन्सालोचा एक शब्द चुकला असता तर चौघांची मान गेली असती.

तो निभावला. फ्रायरांनी (फ्रान्सिस्कन संन्याशांनी) उत्तर येईपर्यंत जपानात राहायचं ठरलं, हिदेयोशीने क्योतोत जागा दिली, 1594 मध्ये तिथे चर्च उभं राहिलं आणि शेजारी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयं. त्या काळी कुष्ठरोग्याला घरच्यांनीही बाहेर काढलेलं असे. आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. मनिलाहून आलेल्या स्पॅनिश फ्रायरांना जपानी शून्यापासून शिकायचं होतं. रुग्ण काय म्हणतो, कुठे दुखतं, घरी कोण आहे, शेजारी तक्रार करतोय ती कशाची, अधिकारी दारात आलाय तो काय विचारतोय, हे सगळं जाणाऱ्या-येणाऱ्या वाटेवर गोन्सालो. सकाळपासून रात्रीपर्यंत. दुभाष्याचं तोंड दुखतं, डोकं त्याहून जास्त दुखतं, आणि संध्याकाळी स्वतःचं बोलायला शब्द उरत नाहीत. त्याचा दिवस मला असा दिसतो.

इतिहासवेडा

वाचून छान वाटलं, पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. हे मिशनरी म्हणजे स्पेनच्या राज्यविस्ताराची पहिली फळी, असंच हिदेयोशीला वाटलं ना? सान फेलिपे जहाजाचं प्रकरण माझ्या वाचनात आहे. मग गोन्सालोला नेमकं कशासाठी मारलं, धर्मासाठी की राजकारणासाठी? मुलांना सांगताना हे टाळू नये, असं मला वाटतं.

दुभाषी

टाळू नयेच. सांगते.

ऑक्टोबर 1596 मध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं 'सान फेलिपे' हे मालाने भरलेलं जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागलं. माल जप्त झाला. जहाजावरच्या लोकांनी क्योतोतल्या फ्रान्सिस्कनांकडे मध्यस्थीसाठी माणसं पाठवली. याच दरम्यान जहाजाच्या सुकाणूवाल्याने जपानी अधिकाऱ्यापुढे नकाशा ठेवून स्पेनच्या राजाचा दरारा वर्णन केला, आणि आधी मिशनरी जातात, मागून सैन्य जातं अशा अर्थाचं काही बोलला, असं सांगितलं जातं. यावर जेझुइट आणि फ्रान्सिस्कन यांनी नंतर एकमेकांना बरीच दूषणं दिली. आधीच त्यांचं फाटलेलं होतं: 1585 मध्ये पोपनी जपान फक्त जेझुइटांसाठी राखून ठेवलेला, जेझुइट बंदीनंतर गुपचूप राहून काम करत होते, आणि फ्रान्सिस्कन झगा घालून क्योतोच्या रस्त्यात उघड उपदेश करत होते. माझ्या मते फ्रान्सिस्कनांनी हिदेयोशीच्या शब्दावर गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवला. गोन्सालो दोन्हीकडे राहिलेला एकमेव माणूस नसेल, पण भाषा एका संघात शिकून दुसऱ्या संघासाठी वापरणारा होता. त्याला दोन्ही बाजू आतून ठाऊक होत्या.

तेव्हा हुकूम निघाला तो राजकारणाच्या भीतीने, यात मला शंका नाही. पण ज्यांना मारलं ती माणसं बघा. 26 जणांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट, आणि उरलेले 17 जपानी गृहस्थ. स्वयंपाकी, सुतार, वैद्य, धनुष्यबाण बनवणारा एक बाप मिगेल कोझाकी आणि त्याचा 14 वर्षांचा मुलगा तोमास. सगळ्यात धाकटा लुई इबाराकी 12 वर्षांचा. यांच्याकडून जपानला कसलं भय? त्यांनी धर्म सोडला असता तर सुटले असते. म्हणून मला ते रक्तसाक्षी, म्हणजे धर्मासाठी मरण पत्करलेले, वाटतात, हुकूम देणाऱ्याच्या मनात काहीही असो.

3 जानेवारी 1597 ला क्योतोत 24 जणांच्या डाव्या कानाची पाळी कापली. मूळ हुकूम नाक-कान कापायचा होता. इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्याने तो तेवढ्यावर आणला. मग गाड्यांत घालून धिंड, आणि पुढे भर थंडीत नागासाकीपर्यंत महिनाभराचा प्रवास. वाटेत आणखी दोघं त्यांच्यात जोडले गेले. मिहारा किल्ल्यात तोमासने आईला पत्र लिहिलं. आमची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ, असा त्याचा आशय. ते पत्र पोचलं नाही. बापाच्या अंगावरच्या कपड्यांत रक्ताने भिजलेलं सापडलं. ही गोष्ट सहावीच्या मुलांना सांगायची की नाही ते ताईंनी ठरवावं. मी सांगेन. ऐकणारी मुलं तोमासपेक्षा दोन-तीन वर्षांनीच लहान आहेत.

निशिझाका टेकडीवर क्रूस आधीच जमिनीवर मांडून ठेवले होते. गोन्सालो सगळ्यांच्या आधी पोचला आणि त्याने विचारलं की माझा क्रूस हाच का. नाही, म्हणाले, आणि दुसऱ्याकडे नेलं. त्याने गुडघे टेकून त्या क्रुसाला मिठी मारली आणि बाकीचे एकेक करून तसंच करू लागले, असं सांगतात. मी या जागी नेहमी अडते. पहारेकरी जपानी होते, तेव्हा तो प्रश्न त्याने जपानीतच विचारला असणार. आयुष्यभर दुसऱ्यांचे प्रश्न पोचवले, हा त्याचा स्वतःचा.

जुनी पाखाडी

दुभाषीताई, उत्तम लिहिलंत. माझं वय 74, मराठी टायपिंग हळू आहे, म्हणून थोडकंच.

2008 साली 12 ऑक्टोबरला केरळच्या सिस्टर अल्फोन्सा संत झाल्या तेव्हा सगळीकडे 'पहिल्या भारतीय संत' असं छापून आलं. आम्हाला आनंदच झाला, पण वसईत मनाला लागलंही. त्या पहिल्या भारतीय स्त्री संत. गोन्सालो त्यांच्या 146 वर्षं आधीचा. काहीजण म्हणतात बाप पोर्तुगीज म्हणून तो भारतीय नाही. अहो, आई कुठे गेली मग? आईची भाषा, आईचं गाव, आईचा भात, त्यावर पोर वाढतं. मुलांना हे ठासून सांगा.

आणि बावखल बाई, तारखेचा घोळ मुलं हमखास विचारतात. मरण 5 फेब्रुवारीचं, पण 5 ला संत आगाथाचा सण आधीपासून असल्यामुळे जगभर पॉल मिकी (त्या 26 जणांतला जपानी जेझुइट) आणि सोबत्यांचा स्मृतिदिन 6 ला असतो. त्या 'सोबत्यां'मध्ये आपला माणूस आहे. मिस्सात ते शब्द आले की मी मनात त्याचं नाव घेतो.

बावखल

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, "आई कुठे गेली मग" हे मी तुमच्याच शब्दांत सांगणार आहे.

दुभाषीताई, झेवियर आणि दाइनिचीची गोष्ट मला माहीतच नव्हती. पण एक विचारते. तुम्ही नागासाकीला गेला आहात का? तिथे त्याचं काही आहे का? आणि मुलांना काही करायला देता येईल का? नुसतं ऐकवलं की अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघतो.

दुभाषी

गेले आहे, 2 वेळा. कामासाठी फुकुओकाला होते, रविवार मोकळा मिळाला. नागासाकी स्टेशनपासून निशिझाका चालत काही मिनिटांवर आहे, चढ मात्र आहे. वर 26 जणांचं स्मारक आहे, 1962 मध्ये, संतपदाला 100 वर्षं झाली तेव्हाचं, शिल्पकार फुनाकोशी यासुताके. एका लांब दगडी भिंतीवर 26 ब्राँझच्या आकृत्या एका रांगेत. क्रूस दाखवलेले नाहीत. पायाखाली जमीन नाही, पावलं खाली लोंबतात, त्यामुळे सगळे वर उचलले जात असल्यासारखे दिसतात. रांगेत मध्येच तीन आकृत्या बुटक्या आहेत. ती मुलं. मी पहिल्या वेळी गोन्सालोला शोधायला गेले होते आणि त्या तिघांपाशीच खूप वेळ उभी राहिले. मागे संग्रहालय आहे. शहराच्या दुसऱ्या भागात ओउरा चर्च आहे, तेही याच 26 जणांना वाहिलेलं. 1865 मध्ये तिथे काही गावकरी आले आणि फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितलं की तुमचं आणि आमचं मन एकच आहे. अडीचशे वर्षं लपून, फादरांशिवाय, धर्म जपलेली माणसं होती ती. फादरांशिवाय जपला, हे तुमच्या त्या मुलीला आवडेल.

स्मारकापाशी एका वयस्कर जपानी बाईंनी मला विचारलं, कुठून आलात. मी म्हटलं, गोन्सालो गार्सियाच्या गावाहून. जपानीत त्याचं नाव 'गोनझारो गारुशिया' होतं. त्यांनी मला आकृती दाखवली आणि दोघी काही न बोलता उभ्या राहिलो.

मुलांना करायला हे द्या. फळ्यावर एक वाक्य लिहा:

वाताशी वा वसाई कारा किमाशिता.

'वाताशी' म्हणजे मी. 'वा' सोडून द्या, तो आपल्या 'तर'सारखा आहे. 'कारा' म्हणजे हून किंवा पासून. 'किमाशिता' म्हणजे आलो. आता मुलांना शब्दाखाली शब्द लिहायला सांगा. मी, वसईहून, आलो. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. प्रत्यय नावाच्या मागे, क्रियापद शेवटी, अगदी आपल्यासारखं. पोर्तुगीज किंवा स्पॅनिशमध्ये हेच करायला लावा, सगळी उलथापालथ होते. बरोबरचे स्पॅनिश फ्रायर वाक्य उलटं करत बसत असतील तेव्हा वसईच्या आईच्या मांडीवर बोलायला शिकलेल्या या माणसाला ती वाट ओळखीची वाटली असेल, असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं. वाक्य आजच्या जपानीतलं आहे, त्याच्या काळातली भाषा वेगळी होती, पण ही मोडणी तेव्हाही हीच.

शिवाय 'किमाशिता' मुलगा म्हणो की मुलगी, बदलत नाही. 'आलो' आणि 'आले' असा भेद तिथे नाही. त्या मागच्या बाकावरच्या मुलीला पहिल्यांदा म्हणायला लावा.